वरच्या दुधाची बाटली: प्लास्टिक की स्टील?

आमच्याकडे तिसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी डब्याचं दूध चालू करायला सांगितलं. सांगलीच्या गणपती पेठेतून प्लास्टिकची बाटली आणली. पाचव्या महिन्यात परत तिथंच जाऊन स्टीलची आणली. दोन्ही वापरून झाल्यात, म्हणून लिहितोय.

प्लास्टिकची वापरायला सोपी, यात वाद नाही. हलकी असते, आणि किती दूध संपलं ते बाहेरून दिसतं. स्टीलची हलवून अंदाज घ्यावा लागतो. आमच्या आईला ते कधीच पटलं नाही. "पोर दूध पितंय का वारं, कळायचं कसं?" तिचं म्हणणं रास्त आहे.

जुन्या कडक पारदर्शक बाटल्या पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकच्या असायच्या, त्यात बिस्फेनॉल ए हे रसायन. हा पदार्थ इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनसारखा वागतो हे १९३६ पासून माहीत आहे. तरी युरोपात बाळाच्या बाटल्यांत त्याच्यावर बंदी यायला २०११ उजाडलं, अमेरिकेत २०१२. पोटात असताना आणि पहिल्या एक-दोन वर्षांत मेंदू, जननेंद्रियं हार्मोनच्या सांगण्यावर घडत असतात. त्या वेळी चुकीचा निरोप गेला तर घडण तशीच राहून जाऊ शकते. उंदरांच्या पिल्लांवर झालेला परिणाम ती वयात आल्यावर दिसला. माणसांत इतकं ठाम सांगता येत नाही, आणि मी काही डॉक्टर नाही.

आताच्या बाटल्या बहुतेक पॉलिप्रोपिलीनच्या. त्यात बिस्फेनॉल ए नाही हे खरं. पण २०२० मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांना अशा बाटल्यांतून लिटरमागे १ कोटी ६० लाखांपर्यंत प्लास्टिकचे सूक्ष्म कण सुटताना दिसले. पाणी जितकं गरम, तितके कण जास्त. त्या कणांनी पुढं काय होतं, ते अजून कुणी छातीठोक सांगत नाही.

आता माझं खरं दुखणं. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून ती किमान ७० अंशांच्या पाण्यात कालवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि प्लास्टिकमध्ये गरम ओतायचं नाही! म्हणजे रात्री अडीचला पातेल्यात पाणी उकळा, दुसऱ्या भांड्यात पावडर कालवा, ते भांडं परातीतल्या गार पाण्यात ठेवा, मग बाटलीत ओता. बाटलीबरोबर ते भांडं आणि चमचाही उकळून ठेवलेला पाहिजे. तोवर पोरानं अख्खी गल्ली उठवलेली. एकदा झोपेत निम्मं दूध ओट्यावर गेलं आणि त्याच आठवड्यात मी पेठेत गेलो.

स्टीलच्या बाटलीत गरम पाणी थेट ओतायचं, पावडर घालायची, झाकण लावून नळाखाली धरायची. आमच्याकडे तीन-चार मिनिटांत कोमट होतं. मनगटावर थेंब टाकून बघायचाच. सुरुवातीला बाटली हाताला चटकते, फडकं लागतं. घेताना एकेरी पत्र्याची बघा. थर्मासवाणी दुहेरी घेतलीत तर सकाळपर्यंत गार होणार नाही. निपल दोन्हीकडं सिलिकॉनचंच, तिथं फरक नाही. काचही चांगली, पण आमच्या घरात शहाबादी फरशी आहे.

आता आठवा महिना लागलाय आणि आईनं माळ्यावरनं माझंच चांदीचं बोंडलं काढलंय. घासायला दोन मिनिटं, ब्रशची भानगड नाही. स्टीलची बाटली राहिलीय मिरजेला जाण्यापुरती, कारण एसटीत बोंडल्यानं पाजायला गेलं की निम्मं दूध माझ्या शर्टावर असतं.