पाण्याचा जार की ज्याची त्याची बाटली?

मे महिन्यात जळगाव-भुसावळहून पोरांना घेऊन गाडीने निघायचं, तर कपड्यांचं नंतर बघू, आधी पाण्याचं ठरवा. पारा ४५ च्या घरात असतो. एसी चालू असला तरी मागच्या सीटवरून "पप्पा, पाणी" सुरूच. आमच्याकडे दोन्ही वापरून झालंय: तोटीचा मोठा थर्मास जार आणि प्रत्येकाची गार-गरम ठेवणारी स्टीलची बाटली.

जाराचं कौतुक आधी करतो, कारण ते खरं आहे. सकाळी बर्फ टाकून भरला की दिवस मावळेपर्यंत पाणी गार, आणि तेही घरचं. आमच्या धाकट्याचं पोट पाणी बदललं की बिघडतं, त्यामुळे ही गोष्ट आमच्यासाठी लहान नाही. दशम्या-चटणी सोडायला निंबाखाली थांबलं की हात धुवायला तोटीसारखी सोय नाही.

गाडी चालू असताना मात्र हाच जार जीव खातो. डिकीत ठेवला तर प्रत्येक घोटाला गाडी बाजूला घ्या. पायाशी ठेवला तर बायकोने पाय कुठे ठेवायचे? शिवाय पेला लागतोच. चोपडा-शिरपूरकडच्या रस्त्यावर खड्डा आला की अर्धा पेला पोराच्या तोंडात, अर्धा शर्टावर. एवढंही चाललं असतं. माझं मन उठलं ते तोटीवरून. पाणी तोटीच्या खाली गेलं की तळाचं पाणी बाहेर येत नाही, जार तिरका करावा लागतो. तोरणमाळच्या घाटात, वळणावर, एका हाताने जार कलता धरायचा, दुसऱ्या हातात पेला, आणि मधे झोपेतून उठलेलं रडकं पोर. त्यात कुणाचा तरी पाय तोटीला लागतो, ती थेंब थेंब गळत राहते आणि पायाखालची मॅटिंग ओली. मुक्कामाला पोचल्यावर पहिलं काम काय, तर मॅटिंग वाळत घालणं.

बाटल्यांचंही सगळं गोड नाही. एक लीटरची बाटली खान्देशच्या उन्हात दुपारपर्यंतही पुरत नाही, म्हणून सीटखाली घरच्या पाण्याचा पाच लीटरचा कॅन ठेवावाच लागतो. ते पाणी कोमट होतं. चहाला थांबलं की बाटलीत आधी बर्फ आणि वरून कॅनचं पाणी, असं आम्ही करतो. बर्फ घरूनच छोट्या थर्मासात नेतो. झाकणं हरवतात ती वेगळी. लिंबूसरबत किंवा ताक त्यात अजिबात भरू नका, रबराच्या रिंगेला बसलेला वास लवकर जात नाही.

पण पोर आपलं आपण पितं, कुणाला वळून बघावं लागत नाही. कोण किती प्यालं तेही कळतं. थोरली दुपारपर्यंत बाटलीला हात लावत नसेल तर ती लगेच दिसते; जाराच्या पाण्यात हा हिशेब लागत नाही.

तुमची मोठी गाडी असेल, आजी-आजोबांसकट आठ-नऊ जण असाल, तर जार कदाचित बरा पडेल. चौघांच्या गाडीत मला तरी त्याची गरज वाटत नाही. बाटली घेताना तोंड रुंद बघा, बर्फाचा खडा आत गेला पाहिजे. आणि लहानग्यासाठी नळीचं झाकण घेणार असाल तर नळी धुवायचा बारीक ब्रश सोबत घ्या, तो दुकानदार आपण होऊन देत नाही.