रायझन 3 1200 ओव्हरक्लॉक करून माइनक्राफ्ट सर्व्हर चालवला: आठ महिन्यांचा अनुभव

पुतण्या आणि त्याचे मित्र, अशा दहा-बारा पोरांसाठी मी घरच्या जुन्या पीसीवर माइनक्राफ्ट जावाचा सर्व्हर चालवतो. रायझन 3 1200 प्रोसेसर, बी450 मदरबोर्ड, 16 जीबी रॅम. संध्याकाळी सगळे एकदम आले की गेम अडखळायचा. म्हणून ऑक्टोबरात ओव्हरक्लॉक केला, म्हणजे प्रोसेसर त्याच्या ठरलेल्या वेगापेक्षा (क्लॉकपेक्षा) जास्त पळवला: 1.35 व्होल्ट देऊन चारही कोर 3.8 गिगाहर्ट्झवर नेले.

विचार चुकीचा नव्हता. या सर्व्हरला सेकंदाला 20 टिक (गेममधलं जग पुढे सरकवण्याच्या फेऱ्या) उरकायचे असतात, म्हणजे एका टिकला 50 मिलिसेकंद, आणि त्यातलं बहुतेक काम एकाच थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकाच कोरवर होतं. तिथे कोर किती यापेक्षा एक कोर किती वेगाने पळतो याला महत्त्व. फरक पडलाही: गर्दीत 46 मिलिसेकंद लागायचे, ते 42 वर आले.

हिवाळा छान गेला. मग नागपूरचा एप्रिल. माझ्या बोर्डावर हाताने क्लॉक बसवला की प्रोसेसर रिकामा असतानाही खाली उतरत नाही, आणि सर्व्हर तर चोवीस तास चालू. सोबत आलेल्या छोट्या कूलरचा पंखा दुपारभर कोकलायचा.

एका सकाळी पुतण्याचा फोन आला, "काका, बुरूज गेला!" पोरांनी दोन महिने खपून किल्ला बांधला होता. जाऊन पाहतो तर तटबंदीच्या मधोमध बरोबर 16 बाय 16 ब्लॉकचा चौकोन, आणि त्यात मूळची टेकडी, गवतासकट. गेम नकाशा अशाच 16 बाय 16 च्या तुकड्यांत, म्हणजे चंकमध्ये साठवतो; तो चंक फाइलमध्ये खराब झाला आणि सर्व्हरने तो नव्याने तयार केला. सर्व्हर एकदाही बंद पडला नव्हता, म्हणून तर कुणाला कळलं नाही. प्रोसेसर हिशेबात चुकतो का हे तपासणारं प्राइम95 लावलं, तिसऱ्या तासाला चूक दाखवली. मूळ क्लॉकवर रात्रभर चालवलं, एकही नाही. बॅकअप चार दिवस जुना होता. पोरांची तेवढी मेहनत माझ्यामुळे वाया गेली, याचं मला आजही वाईट वाटतं.

ओव्हरक्लॉक त्याच दिवशी काढला आणि जे आधी करायला हवं होतं ते केलं. 3000 वेगाची रॅम इतके दिवस 2133 वरच चालत होती! पहिल्या पिढीच्या रायझनमध्ये प्रोसेसरच्या आतल्या भागांची जोडणी रॅमच्या क्लॉकवरच चालते, त्यामुळे इथे वेग मिळतो. 2933 वर नेली. (हाही एक प्रकारचा ओव्हरक्लॉकच, म्हणून रॅमची चाचणी, मेमटेस्ट, रात्रभर चालवली.) सिम्युलेशन डिस्टन्स (खेळाडूभोवती किती चंकपर्यंत जग चालू ठेवायचं ते) 10 वरून 6 केला, नकाशा चंकी नावाच्या प्लगइनने आधीच तयार करून ठेवला. सर्व्हरचा वेळ कुठे जातो हे दाखवणाऱ्या स्पार्कने पाहिलं तर सगळ्यात जास्त वेळ एकाच पोराच्या शेकडो हॉपरांच्या (वस्तू आपोआप गोळा करणाऱ्या ब्लॉकांच्या) फार्ममध्ये जात होता. त्याला समजावून ते कमी करून घेतले. आता मूळ क्लॉकवर भर गर्दीत एका टिकला 30 मिलिसेकंदांच्या आसपास.

स्वतः एकटे खेळत असाल तर खुशाल ओव्हरक्लॉक करा, बिघडलं तर तुमचंच. इतरांची कामं साठवणाऱ्या मशीनवर मी पुन्हा करणार नाही. बॅकअप आता दर सहा तासांनी होतो. पुढे वेग कमी पडलाच तर बायोस अपडेट करून याच बोर्डावर रायझन 5 5600 बसवेन.