व्हिक्टोरिया धबधबा: मुक्काम झिंबाब्वेत की झांबियात?

पहिल्यांदाच जात असाल, सोबत आई-वडील किंवा मुलं असतील, तर मी झिंबाब्वेच्या बाजूचं व्हिक्टोरिया फॉल्स हे गावच सुचवेन. हॉटेल, बाजार, धबधब्याचं प्रवेशद्वार सगळं चालत जाण्याइतकं जवळ. पर्यटकांसाठीचे पोलीसही रस्त्यावर दिसतात. इथे खरी भीती माणसांपेक्षा जनावरांची. अंधार पडला की हत्ती थेट गावात शिरतात, म्हणून जेवायला दोन गल्ल्या पलीकडे जायचं असलं तरी टॅक्सीच करा. दिवसा बबून माकडं हातातली पिशवी हिसकावतात. खाऊ बॅगेत नीट बंद ठेवा.

झांबियातलं लिव्हिंगस्टन मोठं, नांदतं शहर. राहणं बरेचदा स्वस्त पडतं. पण धबधबा साधारण 10 किलोमीटर लांब, म्हणजे प्रत्येक फेरीला गाडी आली. ती हॉटेलमार्फतच ठरवा. शिवाय ऑक्टोबर-नोव्हेंबरात या बाजूचा कडा बराचसा कोरडा पडतो.

दोन्ही बाजू पाहायच्या तर दोन्ही देशांच्या सीमेवरचा 1905 चा पूल ओलांडावा लागतो. दोनदा प्रवेश देणारा व्हिसा आधीच बघून घ्या. मच्छरदाणी असलेली खोली मात्र दोन्हीकडे हवीच. हा मलेरियाचा पट्टा आहे.