पिढीजात फॅब्रिकेशन वर्कशॉप: हात पक्का, कागद कच्चा

शेड, जिना, पोटमाळा किंवा लहान ट्रस (छपराची त्रिकोणी कैची) यांसाठी बाप, लेक आणि भाऊ मिळून चालवतात तसलं वर्कशॉप निवडावं का? जुळणीच्या कामाला डोळे झाकून. वेल्डिंग रॉड आणि रंगाच्या बाबतीत मात्र डोळे उघडे ठेवूनच.

हा धंदा घरच्या माणसांवर चालू लागला तो वेल्डिंगमुळे. त्याआधी लोखंड रिव्हेटने, म्हणजे तापवून ठोकायच्या खिळ्याने, जोडत; त्या टोळीत चौघं लागत: एक भट्टीत रिव्हेट लाल करणारा, एक झेलून भोकात घालणारा, एक मागून टेकू देणारा आणि एक ठोकणारा. विसाव्या शतकाच्या मध्यावर वेल्डिंग आणि हाय टेन्साइल (जास्त ताण सोसणारे) बोल्ट रुळले, तसं तेच काम एक मशीन आणि दोन माणसांवर आलं. पुढे लोखंडाला चुंबकाने चिकटणारं मॅग्नेटिक ड्रिल आलं आणि जड गर्डर ड्रिलपाशी ओढत न्यायचं कामही संपलं.

जुन्या वर्कशॉपची खरी कमाई म्हणजे जुळणी. टॅक (तुकडे जागेवर धरणारे छोटे वेल्ड) मारल्यावर दोन्ही कर्ण मोजायचे, मगच पूर्ण वेल्ड करायचा. तोही एका टोकापासून सलग ओढायचा नाही, बाजू बदलत तुकड्या-तुकड्यांनी करायचा. नाहीतर थंड होताना आकसणारा वेल्ड बीमला वाकवतो. जाड वेल्ड म्हणजे मजबूत, हा गिऱ्हाइकाचा आवडता गैरसमज. ६ मिमीच्या फिलेटचा (कोपऱ्यातल्या तिकोनी वेल्डचा) लेग, म्हणजे बाजू, १२ केला तर ताकद दुप्पट होते, पण धातू चौपट लागतो आणि वाकही वाढतो.

आता उणिवा. सर्वांत मोठी म्हणजे रॉड. ६०१३ नंबरचा रॉड हलक्या अँगलला ठीक; जाड प्लेटला ७०१८ नंबरचा हवा, आणि तो उघड्या पाकिटात पडलेला चालत नाही. ओल धरलेल्या रॉडमधला हायड्रोजन वेल्डच्या कडेला तडा पाडतो, तोही कधी दुसऱ्या दिवशी, म्हणजे तपासणी उरकल्यावर! वर्कशॉपमध्ये १२० अंशांच्या आसपास चालणारा रॉड ओव्हन आहे का, हे आधी पाहावं.

दुसरी उणीव रंगाची. नव्या लोखंडावरची निळसर-काळी पापडी न काढता प्रायमर मारला, तर पापडी सुटताना रंगही घेऊन जाते. गॅल्व्हनाइझिंगला पाठवायच्या बंद पाइपला हवेची भोकं हवीतच. सुमारे ४५० अंशांच्या जस्तात आतल्या ओलाव्याची वाफ होते आणि पाइप फुटतो.

बिल वजनावर असतं. १ मिमी जाडीचा १ चौरस मीटर पत्रा ७.८५ किलो, म्हणजे १० मिमी प्लेट ७८.५ किलो. तिरक्या गसेटचं (सांध्यावरच्या जोडप्लेटचं) वजन कापलेल्या आकाराचं धरणार की अख्ख्या चौकोनाचं, हे लिहून घ्यावं. भांडणं इथेच होतात. प्लेट कापल्यावर हीट नंबर (पोलाद कोणत्या घाणातलं ते सांगणारा क्रमांक) पुढच्या तुकड्यावर उतरवण्याची सवय इथे क्वचितच दिसते; टेस्ट सर्टिफिकेट लागणार असेल तर ते आधीच सांगावं.

काँक्रीटमधले बोल्ट १० मिमी सरकले, की मोठा कारखाना ड्रॉइंगकडे बोट दाखवतो. इथे मोजणारा, कापणारा आणि उभारणारा बहुधा एकच असतो. काँक्रीट ओतून बोल्ट बसल्यावर तो फर्मा (भोकांच्या मापाचा नमुना) लावून बघतो आणि खांबाखालच्या बेस प्लेटला भोकं नंतर पाडतो. एवढ्यासाठीसुद्धा असं वर्कशॉप परवडतं.