शिर्डी की पंढरपूर? निवृत्तीनंतरची पहिली पदयात्रा ठरवताना

समोरच्या ब्लॉकमधले भाऊ दिवाळीआधी रिटायर झाले. पंधरा दिवसांत वहिनींना घेऊन आमच्या दारात. "सिस्टर, तुम्ही दोन्ही केल्यात. आम्ही पायी कुठे जायचं, शिर्डीला की पंढरपूरला?" मी ३४ वर्षं हॉस्पिटलात परिचारिका होते, म्हणून परळच्या आमच्या चाळीत मी अजून सिस्टरच. त्यांना जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न दरवर्षी कोणी ना कोणी विचारतंच.

दोन्हीकडचं अंतर जवळजवळ सारखं आहे. मुंबईहून शिर्डी २४० किलोमीटरच्या आसपास, आळंदीहून पंढरपूर २५० च्या आसपास. यामुळेच माणसं फसतात. रामनवमीला शिर्डीत पोचणारी आमच्या गल्लीतली पालखी हे अंतर नऊ दिवसांत कापते. माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोचते, म्हणजे १७-१८ दिवस. त्यातही पुण्यात दोन मुक्काम, सासवडला दोन मुक्काम. शिर्डीला रोजचे सत्तावीस किलोमीटर पडतात, वारीत सरासरी पंधरा-सोळा. साठीतल्या पायांना हा फरक फार मोठा आहे. तरुण पाय रात्रीत सावरतात, आपल्याला दोन रात्री लागतात.

शिर्डीच्या वाटेवर माझं काय झालं ते सांगते. निघायच्या आठवडाभर आधी नवे कॅनव्हासचे बूट घेतले होते, अगदी मापाचे. ठाणं गाठेपर्यंत काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी पडघ्याजवळ मोजा काढला तर टाचेवर रुपयाच्या नाण्याएवढा फोड, आत पाणी डुचमळतंय, आणि उजव्या अंगठ्याचं नख जांभळं पडलेलं. चालून चालून पाय सुजतो, बोटं बुटाच्या टोकावर आपटत राहतात, नखाखाली रक्त साकळतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जखमा बांधल्या आणि स्वतःच्या बुटाचं माप चुकलं. शिर्डीला पोचले, दर्शनही झालं, पण मधले तीन दिवस मी फक्त टाच मोजत चालले. नाम तोंडात होतं, मन पायात.

शिर्डीच्या पदयात्रेची बाजूही नीट मांडायला हवी, कारण ती मोठी आहे. बरोबर आपल्या गल्लीतली माणसं असतात. कोणाला बीपी आहे, कोणाचं बायपास झालंय, सगळ्यांना ठाऊक. सामान टेम्पोत, मुक्काम बहुतेक ठिकाणी शाळेत किंवा मंगल कार्यालयात, डोक्यावर पक्कं छप्पर. पहाटे साडेतीनला निघायचं, ऊन चढायच्या आत थांबायचं, चारनंतर पुन्हा चालायचं. आणि मुंबईकराला मोठा धीर म्हणजे लोकल. ठाणं, मग शहापूरला आसनगाव, पुढे खर्डी, कसारा. पहिल्या चार दिवसांत नाहीच जमलं तर रिक्षा करून स्टेशन गाठा, रात्री घरी.

पण महिना चैत्र. डांबर तापलेलं, बाजूला नाशिक हायवे, कंटेनर अंगावरून गेल्यासारखे जातात. पहाटेच्या अंधारात पाठीवर चकाकणारी पट्टी नसेल तर निघूच नका. चौथ्या-पाचव्या दिवशी, पाय सर्वांत दमलेले असताना कसारा घाट लागतो. घोटीहून सिन्नरकडे वळल्यावर पुढे सावलीही विरळ. शिवाय या पालख्यांत तरुण पोरांचा भरणा असतो. ती जपतात, थांबतात, पाणी आणून देतात, पण त्यांच्या चालीशी चाल जुळवायला आपण नकळत पाय ओढतो. फोड तिथेच येतो.

वारीत चाल टाळाची. अभंग चालू असताना पाय आपोआप एका लयीत पडतात, आणि ती लय सत्तरीच्या आजीबाईंना जमेल अशीच आहे. टप्पेही एकसारखे नाहीत. पुणे ते सासवड तीस किलोमीटरच्या वर, त्यात दिवे घाट, आणि तो दिवस बहुधा एकादशीचा, म्हणजे उपास. वारीतला सर्वांत अवघड दिवस असा सुरुवातीलाच येतो, पण लगेच सासवडला विश्रांतीही मिळते. पुढे सासवड ते जेजुरी सोळा-सतरा, जेजुरी ते वाल्हे त्याहून कमी, लोणंद ते तरडगाव तर जेमतेम आठ. त्या आठ किलोमीटरांत चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं. माउलींचा अश्व समोरून दौडत गेला तेव्हा माझ्या शेजारची बाई त्याच्या टापेखालची माती कपाळाला लावत होती. तिने चिमूटभर माती माझ्याही हातावर ठेवली. ती पुडी अजून देवघरात आहे.

वारीत अवघड काय, तर राहणं. तंबूत दाटीवाटीने झोपायचं, पाऊस आला की खालची ताडपत्री ओली. अंघोळ टँकरवर, पहाटे तीन-साडेतीनला, बायकांनी साडीचा आडोसा धरून. आता वाटेवर फिरती शौचालयं असतात, पण रांगही असते. त्या रांगेच्या धास्तीने बायका पाणीच पीत नाहीत. हे मी हात जोडून सांगते, असं करू नका. उन्हात पाणी तोडलं की चक्कर, पायात गोळे, लघवीची जळजळ, आणि वारी तिथेच संपते. फलटणच्या पुढे, बरड-नातेपुते-माळशिरसच्या बाजूला पाऊस कमी होतो आणि ऊन चांगलंच लागतं. छत्री दोन्हींसाठी लागते.

सुट्टं चालत गेलात तर राहण्याजेवण्याचे हाल होतात, म्हणून पहिल्या वेळी दिंडीतच जा. रथापुढे २७ दिंड्या आणि मागे कितीतरी. गिरणगावातून, साताऱ्या-कोकणातल्या मुंबईकर मंडळींच्या दिंड्या निघतात, ओळखीतून चौकशी होते. दिंडीची भिशी, म्हणजे वर्गणी, भरली की जेवण, तंबू, सामानाचा ट्रक मिळतो. विचारायचं एवढंच: बायकांचा तंबू वेगळा आहे का, ट्रकमधली पिशवी मुक्कामाला वेळेवर मिळते का, आणि आजारी पडल्यास गाडीत बसवतात का. पैशाच्या हिशेबात दोन्हींत फार डावं-उजवं नाही. एसटीला पासष्टीपुढे अर्धं तिकीट, पंचाहत्तरीपुढे मोफत, बायकांना कुठल्याही वयात अर्धं, त्यामुळे परतीची चिंता नको.

वारीचा आणखी एक गुण लोकांच्या लक्षात येत नाही. ती तुकड्याने करता येते. जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद ही चारही पुणे-मिरज रेल्वेमार्गावरची स्टेशनं आहेत. आळंदी ते लोणंद एवढंच करून परत या, पुढच्या वर्षी लोणंद ते पंढरपूर. शिर्डीची पालखी अशी वाटून घेता येत नाही. तिथे पोचणं हेच सगळं.

भाऊंना बारा वर्षं शुगर आहे. शिर्डीला अनवाणी जायचा त्यांचा बोललेला नवस होता. मी स्पष्ट नको म्हटलं. शुगरमध्ये तळव्याची जाणीव कमी होते, खिळा रुतला तरी कळत नाही, आणि साधी जखम पायावर बेतते. नवस बोलला तेव्हा पाय निरोगी होते, साईबाबा समजून घेतील. शुगरवाल्याने रोज रात्री आरसा पायाखाली धरून तळवे बघायचेच, बोटांच्या मधल्या फटी कोरड्या करायच्या. इन्सुलिन ओल्या फडक्यात गुंडाळायचं, ट्रकमधल्या बॅगेत टाकायचं नाही, खांद्याच्या पिशवीत ठेवायचं. बीपीसाठी लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारायचं, उन्हात चालताना तिचा डोस काय. स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. ईसीजी, टू-डी एको दोन्ही यात्रांआधी करायचे, यात वाद नाही. फोड आलाच तर वरची कातडी ओढून काढू नका, ती जखमेची सगळ्यात चांगली पट्टी आहे. टाच घासायला लागली की फोड येण्याआधीच कागदी चिकटपट्टी लावा.

सरावाचं म्हणाल तर एकदा वीस किलोमीटर चालून दाखवण्याला अर्थ नाही. सलग तीन दिवस दहा-दहा चाललात आणि चौथ्या दिवशी सकाळी जिना सहज उतरलात, तर पाय तयार. मुंबई सपाट, म्हणून शिवाजी पार्कच्या फेऱ्या मारून घाटाची सवय होत नाही. रविवारी पहाटे बोरिवलीच्या नॅशनल पार्कात जा, गेटपासून कान्हेरी सहा-सात किलोमीटर, शेवटी चढ. वहिनींच्या गुडघ्यांसाठी उताराचा सराव जास्त गरजेचा, गुडघा उतरताना दुखतो. आषाढीची तयारी एप्रिल-मेमध्ये येते, मुंबईच्या घामट उकाड्यात. त्याने उलट सवय चांगली होते.

माझा कौल पंढरपूरला गेला, तोही अर्ध्या वारीला. गुडघे ठणठणीत असतील, शुगर नसेल, रोज आठ-दहा किलोमीटर चालायची सवय असेल आणि बाबांची ओढ असेल, तर खुशाल शिर्डीला जा, गल्लीतल्या पालखीसारखी सोबत नाही. बाकी साठीतल्या नवख्याने आधी लोणंदपर्यंत जाऊन यावं.

भाऊ दोन दिवस गप्प होते. मग म्हणाले, "नवसाचं काय?" मी म्हटलं, पुढच्या वर्षी रामनवमीला कसाऱ्यापर्यंत ट्रेनने जा, घाट चढून इगतपुरीपर्यंत पालखीसोबत चाला, बूट घालून. ते त्यांना पटलं. सध्या दोघं पहाटे पाचला निघतात, माझ्या दाराशी कडी वाजवून. काल वहिनी दादरहून बूट घेऊन आल्या, संध्याकाळी पाय सुजल्यावर घालून बघितलेले, एक नंबर मोठे.