1905 चा हाफ क्राउन आणि दाढीखालची खूण

इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याचे हाफ क्राउन, म्हणजे अडीच शिलिंगची चांदीची नाणी, मी वर्षवार जमवतो. कारकीर्द छोटी, त्याची नाणी 1902 ते 1910 अशी नऊच वर्षं निघाली, त्यामुळे संच सहज पूर्ण होईल असं वाटतं. आठ वर्षं होतातही. 1903 आणि 1904 साठी खिसा जरा जास्त हलका करावा लागतो इतकंच. घोडं अडतं ते 1905 पाशी. त्या वर्षी जेमतेम 1,66,008 नाणी पाडली गेली, तर 1907 मध्ये जवळपास 37 लाख. इंग्लंडात आल्यापासून सहा वर्षं माझ्या अल्बममधला तो एक खण रिकामा होता.

लिलावाच्या एका साइटवर कुणीतरी ‘आजोबांच्या संग्रहातलं’ 1905 टाकलं होतं. ग्रेड व्हेरी फाइन, म्हणजे झीज थोडीच. फोटो अंमळ अंधारे. मी मेसेज टाकला, माणूस गोड बोलला. म्हणाला, साइटचं कमिशन कशाला भरायचं, पैसे थेट बँकेत पाठवा, 480 पाउंडांत देऊन टाकतो. या ग्रेडला व्यापारी दुपटीहून जास्त सांगतात हे मला पाठ होतं. खरं तर तिथेच शंका यायला हवी होती. मी उलट खूश! पैसे पाठवले, आणि साइटचं संरक्षण तिथेच संपलं.

नाणं आलं. चुंबकाला चिकटलं नाही. बायको म्हणाली, “अरे, खाचांमध्ये एवढं काळं कसं? बूटपॉलिश लावल्यासारखं.” मी म्हटलं, शंभर वर्षांची चांदी आहे, काळी पडणारच.

चार दिवसांनी सहज वजन केलं. हाफ क्राउनचं ठरलेलं वजन 14.14 ग्रॅम. हे भरलं 13.31. विकणाऱ्याला विचारलं तर उत्तर आलं, जुनं नाणं आहे, झिजून वजन घटतं. पटलंही असतं. पण मी अल्बममधलं त्याच ग्रेडचं 1906 काट्यावर ठेवलं: 13.98. मग 1908 चं एक पार गुळगुळीत झालेलं, राजाचा कान शोधावा लागेल असलं, तेही 13.6 भरलं. म्हणजे ज्याच्या दाढीचा केस न् केस दिसतो ते नाणं चेहरा पुसलेल्या नाण्याहून हलकं! तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

मग भिंग काढलं. एडवर्डच्या मानेखाली चित्रकार डी सॉल्स याच्या सहीची बारीक अक्षरं असतात. माझ्या 1906 वर ती कोरल्यासारखी स्वच्छ, या 1905 वर मेण वितळल्यासारखी. मोकळ्या पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे. कडेच्या दात्यांवरून नख फिरवलं तर एका जागी अडकलं. तिथे साच्याचा सांधा होता, घासून लपवलेला. आमची आजी राणीछाप रुपया फरशीवर वाजवून घ्यायची. संग्राहकाने असं करू नये, पण मी नाणं बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्याने हळूच टिचकी मारली. 1906 खणखणलं, हे बद्द वाजलं.

तरी मन मानेना. लंडनच्या कॉइन फेअरमध्ये एका जुन्या व्यापाऱ्याला दाखवलं. त्याने तारीखसुद्धा वाचली नाही. राजाच्या दाढीखालची छोटी तिरकी खाच दाखवली आणि टेबलाखालच्या डबीतून दुसरं 1905 काढलं. खाच तीच, तिथेच. दोन खऱ्या नाण्यांना हुबेहूब एकाच जागी मार कसा बसेल? मूळ एका नाण्याला ती खाच होती, त्यावरून साचा घेतला, आणि मग त्यातून निघालेलं प्रत्येक पिल्लू ती खूण घेऊनच जन्मलं. 1905 च्या नकला या धंद्यात जुन्याच, असं तो म्हणाला, आणि “किती दिले?” हे विचारायचं त्याने सौजन्याने टाळलं.

विकणाऱ्याचं खातं तोवर गायब. बँकेने सांगितलं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. पोलिसांकडे ऑनलाइन तक्रार केली, तक्रारीचा नंबर मिळाला, पुढे काही नाही. एका ओळखीच्याने सुचवलं, तूही तसंच पुढे सरकव. नाही जमलं. ते नाणं ‘खोटं’ अशी चिठ्ठी लावून वेगळ्या पाकिटात ठेवलंय.

गेल्या आठवड्यात त्याच साइटवर पुन्हा एक 1905 दिसलं. वेगळं नाव, या वेळी ‘काकूंच्या ड्रॉवरमधलं’, किंमत 450 पाउंड. फोटो मोठा करून पाहिला. दाढीखाली तीच तिरकी खाच.