ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस मोजायचा, पण कशानं? टीबार्स, आयसोप्रोस्टेन आणि ८-ओएचडीजी

ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणजे ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपं शरीराच्या बचावाला वरचढ होणं. त्यातलं हायड्रॉक्सिल मूलक (फ्री रॅडिकल) नॅनोसेकंदापुरतंच टिकतं. रुग्णाच्या रक्तात ते थेट पकडता येत नाही. त्यानं केलेली मोडतोडच मोजावी लागते. कोणती मोडतोड मोजायची, हे आजाराच्या नावापेक्षा सॅम्पल कसं घेतलं आणि कुठे ठेवलं यावर जास्त ठरवावं.

मेदाचं ऑक्सिडेशन मोजणारी टीबार्स चाचणी सगळ्यांत स्वस्त. सॅम्पलमध्ये आम्ल आणि थायोबार्बिट्युरिक ॲसिड घालून ९५ अंशांवर तासभर तापवायचं आणि गुलाबी रंग ५३२ नॅनोमीटरवर वाचायचा. अडचण अशी, की हा रंग एकट्या मॅलॉनडायअल्डिहाइडचा, म्हणजे मेद मोडून बनणाऱ्या संयुगाचा, नसतो. इतर अल्डिहाइड आणि काही शर्कराही रंग देतात, काविळीत वाढणारं बिलिरुबिनही आकड्यात भर घालतं. म्हणजे कावीळ असलेला रुग्णगट निरोगी गटापेक्षा वर दिसला, तरी त्यावरून ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस सिद्ध होत नाही. शिवाय हिमोलिसिस झालेलं (तांबड्या पेशी फुटलेलं) सॅम्पल तापवलं की त्यातल्या लोहामुळे मेद नळीतच ऑक्सिडाइझ होतं. तापवण्याआधी बीएचटी (ऑक्सिडेशन रोखणारं रसायन) घालणं म्हणूनच गरजेचं. एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या उपकरणावर) गुलाबी संयुग वेगळं करून मोजलं, तर ही पद्धत बरीच विश्वासार्ह होते. नुसता रंग वाचणाऱ्या प्लेट रीडरवर रुग्णांचा अभ्यास उभा करू नये.

एफ२-आयसोप्रोस्टेन १९९० मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवले. ते मुख्यतः ॲराकिडोनिक ॲसिडवर मूलकांचा हल्ला होऊन बनतात, म्हणून मेदाच्या नुकसानीसाठी पहिली पसंती यांनाच. प्लाझ्मा मात्र उणे २० अंशांवर ठेवला, तर तिथेही ऑक्सिडेशन चालू राहतं आणि आकडा आठवड्यागणिक चढतो. उणे ८० आणि बीएचटी दोन्ही हवेत. लघवीत मेद नगण्य असल्यानं ही कटकट जवळपास नाही. ड्युटेरियमयुक्त इंटर्नल स्टँडर्ड (त्याच रेणूचं जड हायड्रोजन असलेलं रूप, ठरावीक मापानं) एक्स्ट्रॅक्शनच्या, म्हणजे रेणू सॅम्पलमधून वेगळा काढण्याच्या, आधी घालावं, म्हणजे वाटेत गळालेला भाग हिशेबात धरला जातो. लघवी कमी-जास्त पातळ असते, म्हणून आकडा क्रिॲटिनिन या स्नायूंतून लघवीत येणाऱ्या द्रव्याच्या प्रमाणात देतात. पण स्नायू झिजलेल्या रुग्णात क्रिॲटिनिनच कमी असतं आणि गुणोत्तर फुगतं. अशांची २४ तासांची लघवी घ्यावी. तीव्र दाह असेल, तर ८-आयसो-पीजीएफ२ अल्फा या आयसोप्रोस्टेनचा काही भाग सायक्लोऑक्सिजनेज एन्झाइमही बनवतं, हे ध्यानात ठेवावं.

प्रश्न डीएनएच्या नुकसानीचा असेल, तरच ८-ओएचडीजी, म्हणजे डीएनएतल्या ग्वानिनचं ऑक्सिडाइझ झालेलं रूप. एलायझा या अँटिबॉडीवर चालणाऱ्या चाचणीच्या किटचे आकडे एलसी-एमएसपेक्षा (मास स्पेक्ट्रोमीटरवर रेणू ओळखणाऱ्या पद्धतीपेक्षा) कितीतरी वर येतात, कारण अँटिबॉडी इतर रेणूंनाही चिकटते; दोन पद्धतींचे आकडे एका तक्त्यात मांडू नयेत. ऊतीतला डीएनए काढताना फिनॉल टाळावं, नाहीतर काढता काढताच ग्वानिन ऑक्सिडाइझ होतं. लघवीतला चढा आकडा म्हणजे जास्त नुकसान की जोरात चाललेली दुरुस्ती, हे त्या एका आकड्यावरून सांगता येत नाही.

मास स्पेक्ट्रोमीटर उपलब्ध असेल, तर लघवीतले आयसोप्रोस्टेन निवडा. नसेल, तर एचपीएलसीवरचं मॅलॉनडायअल्डिहाइड. कोणतीही पद्धत घेतली, तरी आधी एकाच व्यक्तीच्या सॅम्पलचे दोन भाग करा: एक लगेच गोठवा, दुसरा दोन तास टेबलावर ठेवून मग गोठवा. दोन्हींत ठळक फरक आला, तर रुग्णांची सॅम्पल घ्यायला सुरुवात करण्याआधी साठवणीची पद्धत बदला.